‘तुमची फी आम्हीच भरून राहिलो’ : कॅन्टीनमधलं एक वाक्य आणि त्याचा इतिहास



मागच्या लेखात आपण ‘संशोधनाचा विषय’ आणि ‘संशोधनाचा प्रश्न’ यांतला फरक पाहिला. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की ताई, हा प्रश्न सापडतो तरी कुठे? म्हणून आज माझ्या प्रश्नाची गोष्ट सांगते. मला तो ग्रंथालयात सापडला नाही, कॅन्टीनमध्ये सापडला.

एम.ए.चं दुसरं वर्ष होतं. परीक्षेचे फॉर्म भरणं सुरू होतं. मी आणि माझी मैत्रीण ऑफिसमधून हमीपत्र लिहून देऊन आलो होतो. शिष्यवृत्तीवर शिकलेल्यांना हा कागद पाठ असतो : ‘शिष्यवृत्तीची रक्कम जमा होताच शुल्क भरेन, न झाल्यास स्वतः भरेन.’ आम्ही चहा घेत बसलो होतो. वर्गातला एक मुलगा येऊन बसला आणि हसत हसत म्हणाला, “तुम्हाला काय टेन्शन आहे? तुमची फी तर आम्हीच भरून राहिलो ना!”

तो भांडायला आला नव्हता. चहाचे पैसेही त्यानंच दिले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. दोन दिवस नुसता राग आला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की हे वाक्य पैशाबद्दल आहे. आणि पैशाबद्दलचं वाक्य तपासता येतं. कोणी भरले, कुणाला मिळाले, कोणत्या वर्षी, कोणत्या नियमानं? खरं असेल तर कुठे खरं आहे, आणि खोटं असेल तर कुठपर्यंत खोटं आहे?

माझ्या पीएचडीची सुरुवात इथून झाली. आज त्यातला एक तुकडा तुमच्यापुढे ठेवते.

आधी शब्द नीट समजून घेऊ

गरीब किंवा वंचित विद्यार्थ्याची फी माफ होते म्हणजे ती नाहीशी होत नाही. ती दुसरं कुणीतरी भरतं. हे दुसरं कुणीतरी ढोबळमानानं तीनपैकी एक असतं.

पहिला, सरकारी तिजोरी. म्हणजे करांचा पैसा. दुसरा, दाता. कुणीतरी देणगी दिली, निधी उभा राहिला, त्यातून मदत झाली. तिसरा, शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी. म्हणजे ज्याला परवडतं त्याच्याकडून जास्त शुल्क घ्यायचं आणि त्यातून दुसऱ्याचं कमी करायचं.

या तिसऱ्या प्रकाराला क्रॉस-सबसिडी म्हणतात. हा शब्द ऐकून घाबरू नका, आपल्या वीजबिलात ती रोज असते. कारखान्याला आणि दुकानाला युनिटचा दर जास्त लावतात, त्यामुळे शेतीपंपाचा दर कमी ठेवता येतो. माझ्या वर्गमित्राचं म्हणणं असं होतं, की विद्यापीठातही हेच चालतं : तो कारखाना आणि मी शेतीपंप.

आता बघू या, तो कुठे बरोबर होता.

१९२७ : शुल्क किती टक्के असावं?

नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालं. त्याआधी इथली हिस्लॉप आणि मॉरिस ही महाविद्यालयं आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे स्वतःचं विद्यापीठ मिळालं तेव्हा इथं महाविद्यालयं होती, विद्यार्थी होते, पण शिकणारे कोण होते? ज्यांना शुल्क आणि शहरातला राहण्याचा खर्च परवडत होता ते.

हा प्रश्न आकड्यांत मांडलेला पाहायचा असेल तर नागपूरबाहेर, मुंबई विधिमंडळात जावं लागतं. १२ मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथल्या अर्थसंकल्पी चर्चेत शिक्षणावर बोलले. कला महाविद्यालयांवर होणाऱ्या खर्चापैकी ३६ टक्के, आणि हायस्कुलांच्या खर्चापैकी ३१ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येते, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवलं. त्यांचा आक्षेप असा होता, की हा शिक्षणाचा व्यापार झाला. शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात असायला हवं, आणि खालचे वर्ग नुकतेच शाळेच्या दारापाशी पोचत असताना शुल्क वाढवणं म्हणजे ते दार लावून घेणं.

हे भाषण वाचताना मी पहिल्यांदा एक गोष्ट शिकले, ती तुम्हीही टिपून ठेवा. ‘शुल्क जास्त आहे’ हे मत झालं. ‘खर्चाच्या ३६ टक्के शुल्कातून येतं’ हा पुरावा झाला. शुल्क किती रुपये आहे यापेक्षा ते एकूण खर्चाच्या किती टक्के आहे, हा इतिहासकाराला जास्त उपयोगाचा प्रश्न आहे. कारण रुपयाची किंमत बदलते, टक्केवारीवरून जबाबदारी कुणाकडून कुणाकडे सरकली ते दिसतं.

१९४२ : नागपुरातला एक ठराव

१८ आणि १९ जुलै १९४२. नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. मद्रासचे रावबहादूर एन. शिवराज अध्यक्ष होते. याच परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, म्हणून राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत ती असतेच. स्वतंत्र मतदारसंघाची मागणी, स्वतंत्र वसाहतींची मागणी, यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे.

मी मात्र तिथल्या एका कमी वाचल्या जाणाऱ्या मागणीपाशी थांबले. प्रत्येक प्रांताच्या अंदाजपत्रकात अनुसूचित जातींच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी एक वार्षिक रक्कम आणि उच्च शिक्षणासाठी वेगळी वार्षिक रक्कम राखून ठेवावी, आणि या रकमा प्रांताच्या महसुलावरचा ‘पहिला भार’ मानल्या जाव्यात, असं तिथं मागितलं गेलं.

‘पहिला भार’ हा शब्द पुन्हा वाचा. पगार झाल्या झाल्या आई आधी किराण्याचे आणि घरभाड्याचे पैसे डब्यात वेगळे काढते ना? बाकीचा खर्च नंतर, उरलेल्या पैशातून. तसं. ठरावात रुपयांचा आकडा नाही, तो आपसांत ठरवायचा होता. पण क्रम ठरवून टाकला आहे. आधी हे, मग बाकीचं.

दुसरी गोष्ट. या ठरावात पैसे कुणाकडून मागितले आहेत? सवर्ण विद्यार्थ्यांच्या शुल्कातून नाही. कुणाच्या दयेतूनही नाही. प्रांताच्या महसुलातून. आणि महसूल सगळेच भरतात. मीठ विकत घेणारा मजूरही त्या काळी कर भरत होता. म्हणजे ज्याला ‘मदत’ म्हणतात ती त्या परिषदेच्या दृष्टीनं स्वतःच भरलेल्या पैशातला हिस्सा होती.

त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून रुजू झाले. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या तक्रारींचं सविस्तर निवेदन दिलं. बनारस आणि अलीगढच्या विद्यापीठांना केंद्र सरकार पैसे देतं, मग आमच्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी का नाही, हा त्यातला एक मुद्दा. यातून ३ लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४-४५ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शालान्तोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४८-४९ पासून ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. मी आणि माझ्या मैत्रिणीनं ज्या शिष्यवृत्तीसाठी हमीपत्र लिहून दिलं, तिची मुळं इथवर जातात.

गंमत बघा. याच १९४२ मध्ये नागपूर विद्यापीठाची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आपली अमरावती रोडवरची एलआयटी, सुरू झाली. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रानं विद्यापीठाला ठेवलेल्या मोठ्या देणगीतून ती उभी राहिली. एकाच शहरात, एकाच वर्षी, दोन उत्तरं : दाता आणि तिजोरी. तिसरं उत्तर, शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी, अजून कुणी दिलेलं नव्हतं.

१९५९ : ईबीसी आणि कमी शुल्काचं विद्यापीठ

१९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९ मध्ये, आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना शुल्कमाफी देणारी ईबीसी सवलत सुरू झाली. ‘बाराशेच्या आतलं उत्पन्न’ हा शब्दप्रयोग आमच्या घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि ईबीसीचा फॉर्म, या दोन कागदांवर एक अख्खी पिढी कॉलेजात गेली.

इथं पैशाचा प्रवास कसा होता? विद्यापीठाचं आणि अनुदानित महाविद्यालयांचं शुल्क मुळात सगळ्यांसाठीच कमी. प्राध्यापकांचे पगार सरकारी अनुदानातून. आणि ज्याला ते कमी शुल्कही झेपत नाही, त्याच्या वतीनं सरकार महाविद्यालयाला पैसे देणार.

आता माझ्या वर्गमित्राचं वाक्य या रचनेला लावून बघा. तो भरत असलेलं शुल्क त्याच्या स्वतःच्या शिक्षणाच्या खर्चालाही पुरत नव्हतं. त्याचाही मोठा खर्च तिजोरीच उचलत होती. मग तो माझी फी कशी भरणार? सार्वजनिक विद्यापीठात, अनुदानित वर्गात, ते वाक्य चुकीचं होतं.

लगेच टाळ्या वाजवू नका. संशोधनात आपल्याला आवडणारं उत्तर मिळालं की तिथंच थांबायचा मोह होतो. थोडं पुढे जाऊ. कारण एका काळात, एका प्रकारच्या महाविद्यालयात, ते वाक्य अगदी शब्दशः खरं होतं.

१९९३ ते २००२ : जेव्हा शेजारी खरंच फी भरत होता

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी नागपुरात वानाडोंगरीचं यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय आणि काटोल रोडचं रामदेवबाबा महाविद्यालय सुरू झालं. इथं पगाराचं अनुदान नाही. खर्च विद्यार्थ्यांच्याच खिशातून निघणार. मग गरीब पण हुशार मुलाचं काय?

उत्तर न्यायालयातून आलं. आधी १९९२ मध्ये मोहिनी जैन खटला. कर्नाटकातल्या खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, राज्यातल्या इतर विद्यार्थ्यांना २५,००० आणि राज्याबाहेरच्यांना ६०,००० असे दर होते. सर्वोच्च न्यायालयानं हे कॅपिटेशन शुल्क बेकायदा ठरवलं. पुढे फेब्रुवारी १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात न्यायालयानं स्वतःच एक योजना आखून दिली : खासगी व्यावसायिक महाविद्यालयातल्या निम्म्या जागा ‘फ्री’, म्हणजे सरकारी महाविद्यालयाच्या शुल्कात. उरलेल्या निम्म्या ‘पेमेंट’, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत जास्त शुल्काच्या. दोन्हींत प्रवेश गुणवत्तेनं.

म्हणजे एकाच बाकावर दोन मुलं. एकाचं शुल्क नाममात्र, दुसऱ्याचं त्याच्या कितीतरी पट. दुसऱ्याच्या पैशातून पहिल्याचं शिक्षण. इथं जर पेमेंटवाला फ्रीवाल्याला म्हणाला असता, “तुझी फी मी भरून राहिलो,” तर ते शंभर टक्के खरं होतं.

पण आता खरा प्रश्न विचारा. फ्री जागेवर कोण बसत होतं?

जागा वाटल्या जात होत्या मार्कांवर, उत्पन्नावर नाही. चांगली इंग्रजी शाळा, खासगी शिकवणी, घरात अभ्यासाची वेगळी खोली, हे सगळं ज्याला मिळालं तो वरच्या क्रमांकावर. त्याला फ्री सीट. खेड्यातल्या शाळेतून, शेतीची कामं सांभाळून चार मार्क कमी पडलेला मुलगा पेमेंट सीटवर. बापानं वावर गहाण टाकून भरलेल्या पैशातून डॉक्टरच्या मुलाचं शिक्षण! हे मी रंगवून सांगत नाही. टी.एम.ए. पै फाउंडेशन खटल्यात संस्थांनी नेमकी हीच उलटी परिस्थिती मांडली, आणि ३१ ऑक्टोबर २००२ च्या निकालात अकरा न्यायाधीशांच्या घटनापीठानं तिची नोंद घेतली. दुसऱ्याच्या शिक्षणाचा भार सहविद्यार्थ्यावर टाकणं न्यायालयाला वाजवी वाटलं नाही. उन्नीकृष्णनची योजना रद्द झाली.

ती मांडणी अर्थातच संस्थांच्या सोयीची होती, कारण योजना गेली की शुल्क ठरवायला त्यांना जास्त मोकळीक मिळणार होती. पण सोयीचा युक्तिवाद खोटाच असतो असं नाही. कागद कुणी लिहिला आणि का लिहिला हे बघायचं, आणि त्यातली माहिती तरीही तपासायची. ही दोन कामं वेगळी आहेत.

एक लहान तुकडा मात्र शिल्लक राहिला. ऑगस्ट २००५ च्या पी.ए. इनामदार निकालात सात न्यायाधीशांनी अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा मान्य केल्या, आणि त्यांच्याकडून मिळणारा जास्तीचा पैसा आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी वापरावा असं सांगितलं. म्हणजे क्रॉस-सबसिडी चालेल, पण ज्याला नक्की परवडतं त्याच्याकडून.

२०१६ : व्हीएनआयटीच्या फाटकापाशी

आता पुन्हा सार्वजनिक संस्थेकडे येऊ. १९६० मध्ये विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज म्हणून सुरू झालेली संस्था २००२ मध्ये व्हीएनआयटी झाली. ती पूर्णपणे केंद्र सरकारची. २०१६ मध्ये देशातल्या सगळ्या एनआयटींचं बी.टेक.चं शिकवणी शुल्क वर्षाला ७०,००० रुपयांवरून १,२५,००० रुपये झालं. सोबत सवलती आल्या : अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफी, कौटुंबिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफी, १ ते ५ लाख असेल तर दोन तृतीयांश माफी.

इथं मार्कांऐवजी उत्पन्न आणि सामाजिक स्थान आलं. उन्नीकृष्णनची मोठी चूक टळली. पण मग ही क्रॉस-सबसिडी आहे का? मला हे गणित समजायला बरेच दिवस लागले, म्हणून सोपं करून देते.

एक काल्पनिक वर्ग घ्या, १०० विद्यार्थ्यांचा. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, कुठल्याही खऱ्या वर्गाचे नाहीत. ५२ जण पूर्ण शुल्क भरतात : ६५ लाख रुपये. २४ जण एक तृतीयांश भरतात : १० लाख. २४ जण काहीच भरत नाहीत. एकूण जमा ७५ लाख, म्हणजे सरासरी माणशी ७५,०००. सगळ्यांकडून सारखं घेतलं असतं तर ७५,००० लागले असते. पूर्ण भरणारा १,२५,००० भरतो. म्हणजे तो ५०,००० जास्त भरतोय. क्रॉस-सबसिडी आहे!

थांबा. आता दुसरा आकडा घाला. समजा एका विद्यार्थ्यावर संस्थेचा वर्षाचा खर्च २ लाख आहे. मग पूर्ण भरणाऱ्यालाही तिजोरीतून ७५,००० मिळतच आहेत. तो कुणाचीही फी भरत नाहीये. त्याला इतरांपेक्षा कमी सवलत मिळतेय, एवढंच.

गणित तेच, पण दोन वाक्यं निघाली. ‘मी तुझी फी भरतो’ आणि ‘मला तुझ्यापेक्षा कमी सवलत मिळते’. पहिलं वाक्य तुम्ही सरासरी शुल्काशी तुलना केली की खरं वाटतं, दुसरं तुम्ही खऱ्या खर्चाशी तुलना केली की दिसतं. तुलना कशाशी करायची हे ठरवल्याशिवाय ‘कोण कुणाची फी भरतं’ या प्रश्नाला उत्तरच नाही. आणि इथं खर्चाशी तुलना करणं जास्त बरोबर, असं माझं मत आहे. कारण संस्था चालते ती खर्चावर, सरासरीवर नाही.

सावध राहायची जागाही इथंच आहे. १९९३ मध्येच युजीसीच्या पुन्नय्या समितीनं सुचवलं होतं, की विद्यापीठांनी आवर्ती खर्चाच्या १५ टक्के, आणि दहा वर्षांत २५ टक्के, रक्कम स्वतः उभी करावी. अनुदान वाढलं नाही आणि शुल्क वाढत गेलं, तर एक दिवस पूर्ण शुल्क खर्चाच्या पुढे जाईल. त्या दिवशी कॅन्टीनमधलं वाक्य सार्वजनिक विद्यापीठातही खरं होईल.

तसं झालं तर काय होतं?

याचं उत्तर अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत सापडतं. राज्यांची अनुदानं आटत गेली तसं त्यांनी शुल्क वाढवलं आणि वाढीव शुल्काचा ठरावीक हिस्सा गरजू विद्यार्थ्यांसाठी बाजूला काढला. टेक्सासमध्ये २००३ पासून हे कायद्यानंच बंधनकारक आहे. आणि तुमच्या शुल्कातले इतके डॉलर दुसऱ्यांच्या मदतीला गेले, हे तिथं विद्यार्थ्याला कळवावंही लागतं. म्हणजे आमच्या कॅन्टीनमधलं वाक्य तिथं छापून हातात देतात!

परिणाम काय? पैसे भरणारे पालक विचारू लागले, आमचीच ओढाताण असताना आम्ही का? २०१२ मध्ये आयोवा राज्याच्या विद्यापीठ मंडळानं शुल्कातून मदतनिधी काढणं बंद करत न्यायचं ठरवलं. २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात अशा मदतीवर शुल्काच्या १५ टक्क्यांची मर्यादा आली. शिष्यवृत्ती शेजाऱ्याच्या पावतीवर दिसू लागली की ती हक्क राहत नाही, उपकार होते. आणि उपकार कधीही थांबवता येतात.

मग तिजोरी बरी का?

हो. पण तिजोरीचं दुखणं मी स्वतः भोगलं आहे, ते लपवणार नाही.

मी ज्या महाविद्यालयात शिकले, तिथं माझी गुणपत्रिका सात महिने अडकली होती. शिष्यवृत्ती मंजूर होती, पैसे आले नव्हते. बाबूंचा स्वभाव वाईट नव्हता. त्यांच्याकडे वरून आदेश होता आणि माझ्याकडे हमीपत्राची झेरॉक्स. त्या सात महिन्यांत एका नोकरीचा अर्ज राहून गेला.

तिजोरीतून मिळणारी मदत कागदावर हक्क असते. पण तो हक्क ‘केव्हा’ मिळेल हे कागदावर नसतं. डिसेंबर २०२० मध्ये अनुसूचित जातींच्या शालान्तोत्तर शिष्यवृत्तीसाठी केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असा ठरला आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. महाराष्ट्रात ईबीसीचा वारसा शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आला, तिची उत्पन्नमर्यादा ८ लाखांपर्यंत गेली, आणि जुलै २०२४ मध्ये त्या मर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी जाहीर झाली. चांगल्याच गोष्टी आहेत. पण महाडीबीटीवर ‘प्रलंबित’ हा शब्द बघत बसलेल्या मुलीला विचारा, की घोषणा आणि खात्यावर जमा होणं यांत किती अंतर असतं.

आणि इथं मला मोहन पार्कचा ठराव पुन्हा आठवतो. १९४२ च्या त्या लोकांनी नुसते पैसे मागितले नव्हते. क्रम मागितला होता. महसुलावरचा पहिला भार. आपल्याला त्यातली तरतूद मिळाली, क्रम मिळाला नाही. शिष्यवृत्ती आली, पण बाकीचा खर्च भागल्यावर उरलेल्यातून. ऐंशी वर्षांनंतर माझं हमीपत्र म्हणजे त्या ठरावातल्या ‘पहिला’ या एका शब्दाची थकबाकी आहे, असं मला वाटतं. हाच आता माझ्या प्रबंधाचा मुख्य युक्तिवाद आहे.

तुमच्यासाठी

तुम्ही शुल्क, शिष्यवृत्ती, अनुदान यांवर काम करणार असाल तर कुठल्याही योजनेला चार प्रश्न विचारा. पैसा कुणाचा? निवड मार्कांवर की गरजेवर? तुलना सरासरी शुल्काशी केली की खऱ्या खर्चाशी? आणि चौथा, जो सगळे विसरतात : पैसा पोचला केव्हा? शासन निर्णयाची तारीख आणि विद्यार्थ्याच्या खात्यातली तारीख, या दोन तारखांमधलं अंतर हाही इतिहासच आहे. तो विधिमंडळाच्या चर्चांत, विद्यापीठाच्या वार्षिक अंदाजपत्रकात आणि घरातल्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेल्या पावत्यांत सापडतो.

सुरुवात स्वतःपासून करा. तुमची या वर्षीची फी पावती काढा. त्यावरची एकेक बाब वाचा : शिकवणी, ग्रंथालय, क्रीडा, विद्यार्थी सहाय्य निधी. प्रत्येकीपुढे लिहा, हा पैसा माझ्यावर खर्च होतो की दुसऱ्यावर. बऱ्याच महाविद्यालयांत सहाय्य निधी किंवा कल्याण निधीच्या नावानं थोडे रुपये प्रत्येकाकडून घेतले जातात, अगदी शिष्यवृत्तीधारकाकडूनही कधी कधी. तेवढ्यापुरतं आपण सगळेच एकमेकांची फी भरत असतो.

माझ्या त्या वर्गमित्राला मी मागच्या महिन्यात हा लेख वाचून दाखवला. तो सध्या एका खासगी कंपनीत आहे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, “म्हणजे माझी फी पण कोणीतरी दुसराच भरून राहिला होता तर!”

चहाचे पैसे यावेळी मी दिले.

पुढच्या लेखात विद्यापीठाचं जुनं अंदाजपत्रक कसं वाचायचं ते पाहू. तोवर पावती शोधून ठेवा.